सेन्सर आणि पंप लावला, म्हणजे आता शुगरचं सगळं आपोआप होतं का?

टाईप वन डायबिटीस असलेल्या पोराच्या दंडावर शुगर मोजणारा सेन्सर आणि कमरेला इन्सुलिन देणारा पंप दिसला की नातेवाईक हमखास विचारतात, आता टेन्शन संपलं ना? माझ्या मुलीला दोन्ही आहे, आणि मी सांगते की बरंचसं आपोआप होतं पण सगळं नाही, आणि जे होत नाही ते का होत नाही हे एकदा कळलं की रोजचं खूप सोपं जातं.

आधी एक गोष्ट, कारण अजूनही लोकांना वाटतं की गोड खाऊन झालं असेल. तसं नाहीये. टाईप वनमध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते, यात ना मुलाची चूक ना आईवडिलांची. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं, त्याआधी अशी मुलं फार जगायचीच नाहीत. म्हणजे इन्सुलिन बाहेरून द्यायचंच आहे, प्रश्न एवढाच की किती आणि कधी.

सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्याची केसासारखी बारीक तार कातडीखाली जेमतेम अर्धा सेंटीमीटर जाते आणि पेशींच्या मधल्या पाण्यातलं ग्लुकोज मोजते, तारेवर एक एन्झाइम असतं, ग्लुकोजशी त्याची प्रक्रिया झाली की अगदी थोडा करंट तयार होतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. बरेच सेन्सर दर ५ मिनिटांनी आकडा पाठवतात म्हणजे दिवसाला २८८, बोटाला सुई टोचून एवढं कोण मोजणार! पण रक्तातली साखर त्या पाण्यात उतरायला वेळ लागतो म्हणून सेन्सर ५ ते १० मिनिटं मागे असतो. आता बघा, शुगर मिनिटाला २ ने पडत असेल आणि स्क्रीनवर ९० दिसत असेल तर रक्तात ती ७० च्या आसपास असू शकते, म्हणून नुसता आकडा बघायचा नाही, शुगर चढतेय की उतरतेय ते सांगणारा शेजारचा बाण बघायचा. लो झाल्यावर, म्हणजे शुगर फार खाली गेल्यावर, १५ ग्रॅम साखर दिली तरी सेन्सर थोडा वेळ खालीच दाखवतो, आणि तेवढ्यात घाबरून अजून ज्यूस पाजला की तासाभराने शुगर २५० होते. अशा वेळी बोटावर तपासावं, अजूनही. आणि मूल सेन्सरच्या कुशीवर झोपलं तर तिथे दाब पडून रात्री २ वाजता खोटा लो वाजतो, कूस बदलली की थोड्या वेळात आकडा परत वर येतो.

सेन्सर मागे असतो हे एक, सगळं आपोआप न होण्याचं दुसरं कारण इन्सुलिन स्वतःच आहे, तेही उशिरा काम करतं. निरोगी माणसाचं स्वादुपिंड इन्सुलिन थेट लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तात सोडतं, तेही घास पोटात जाताच. आपलं इन्सुलिन पोटाच्या चरबीत टोचलेलं, ते जलद म्हणतात तरी काम सुरू करायला १०-१५ मिनिटं घेतं, पूर्ण जोर धरायला तास-दीड तास आणि संपायला ४ तास वगैरे. म्हणूनच २०१६ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेल्या पहिल्या ऑटो पंपाला हायब्रिड म्हणतात, बेसल म्हणजे दिवसभर थेंब थेंब जाणारं इन्सुलिन तो सेन्सर बघून कमीजास्त करतो, पण जेवणातले कार्ब (कर्बोदकं) मोजून बोलस म्हणजे जेवणासाठीचा डोस आपल्यालाच द्यावा लागतो, आणि शक्यतो जेवणाआधी. वरणभाताला हे जमतं. पुरणपोळीवर तूप घेतलं की तुपामुळे पोट हळू रिकामं होतं आणि शुगर दोन-तीन तासांनी चढते, म्हणून बऱ्याच पंपांत थोडा बोलस आत्ता आणि उरलेला पुढच्या दोन तासांत असं देता येतं (ऑटो मोडमध्ये ही सोय सगळ्या पंपांत नाही).

पंपाची एक गोष्ट मात्र धोक्याची आहे आणि ती घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. त्यात फक्त जलद इन्सुलिन असतं, लाँग ॲक्टिंग म्हणजे दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचा साठा अंगात नसतो, त्यामुळे कॅन्युला (कातडीखाली जाणारी बारीक नळी) वाकली किंवा मे महिन्यात घामाने टेप सुटली तर काही तासांतच कीटोन, म्हणजे इन्सुलिन नसलं की रक्तात साठणारी आम्लं, वाढायला लागतात. शुगर २५० च्या वर आणि करेक्शन म्हणजे शुगर उतरवायचा जादा डोस देऊनही उतरत नसेल तर पंपावर विश्वास ठेवून बसायचं नाही, कीटोन तपासायचे, टोचायच्या पेनने इन्सुलिन द्यायचं आणि पंपाचा सेट (नळी आणि कॅन्युला) बदलायचा. उलटी किंवा जोरजोरात श्वास असेल तर थेट दवाखाना. दप्तरात पेन कायम हवंच.

मग एवढं करून मिळतं काय? माझ्या मते सगळ्यात मोठं म्हणजे झोप. अमेरिकेतल्या डेना लुईसला स्वतःला टाईप वन, सेन्सरच्या अलार्मने तिला जागच यायची नाही, म्हणून तिने आणि तिच्या जोडीदाराने आधी मोठा अलार्म बनवला आणि त्यातूनच पुढे २०१५ मध्ये ओपन एपीएस ही घरी जोडायची ऑटो सिस्टीम सगळ्यांसाठी खुली केली. आता शुगर उतरताना दिसली की ऑटो पंप स्वतःच इन्सुलिन थांबवतो आणि आमच्यासारख्यांना दर रात्री ३ चा गजर लावावा लागत नाही.

खर्चाचं सरळ सांगते, आपल्याकडे पंप म्हणजे लाखांत आणि सेन्सर दर १०-१४ दिवसांनी नवा, बहुतेक घरांत हे खिशातूनच जातं. दोन्हीपैकी एकच झेपत असेल तर मी आधी सेन्सर घ्या म्हणेन, आणि महिनाभर परवडत नसेल तर डॉक्टरांच्या भेटीआधी एक तरी लावा. पेनने इन्सुलिन घेणाऱ्यालाही ७० ते १८० या ठीक पट्ट्यात दिवसाचा किती वेळ जातोय आणि रात्री नक्की काय होतंय ते त्यात दिसतं, आणि डॉक्टरांना डोस बदलायला बोटावरच्या चार आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त हाताशी मिळतं.