भात झाला हे राइस कुकरला कसे कळते?

इलेक्ट्रिक राइस कुकरमध्ये तांदूळ आणि पाणी घालून खटका खाली दाबला, की पुढची वीस-पंचवीस मिनिटे त्याच्याकडे कोणालाही पाहावे लागत नाही. भात होताच 'टक्' असा आवाज येतो, खटका आपोआप वर उडतो आणि दिवा बदलतो. कोल्हापुरात भात बहुतेक घरांत प्रेशर कुकरच्या शिट्ट्या मोजून होतो. तिथे माणूस मोजतो, इथे यंत्र थांबते; त्यामुळे हे यंत्र पहिल्यांदा घरी आणणाऱ्याला असे वाटणे साहजिक आहे, की भात शिजला की नाही हे ते कोणत्यातरी प्रकारे तपासत असावे. तसे मुळीच नाही. साध्या राइस कुकरला भात कळत नाही. भांड्याच्या तळाशी पाणी उरलेले नाही, एवढी एकच गोष्ट त्याला कळते. कुकर निवडताना आणि वापरताना पडणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर याच गोष्टीत दडलेले आहे, म्हणून ती आधी नीट समजून घेऊ.

एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी उष्णता लागते, पण त्याच एका ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. शाळेत आपण याला अप्रकट उष्मा म्हणून शिकतो. पाणी उकळू लागल्यावर खालून कितीही उष्णता दिली, तरी ती वाफ करण्यातच खर्ची पडते आणि पाण्याचे तापमान जिथल्या तिथे राहते. भांड्यात मोकळे पाणी आहे तोवर भांड्याचा तळही उकळत्या पाण्याच्या तापमानाच्या फार वर जाऊ शकत नाही. मात्र तांदळाने आपल्या वाट्याचे पाणी शोषले आणि उरलेल्याची वाफ झाली, की उष्णतेला दुसरे काम उरत नाही, आणि तळ झपाट्याने तापू लागतो. ही अचानक होणारी चढ हाच कुकरचा इशारा.

तो इशारा ओळखणारा भाग तापणाऱ्या तबकडीच्या मधोमध, स्प्रिंगवर बसवलेला असतो. आतले भांडे काढल्यावर हाताने दाबता येणारी जी छोटी गोल बटणासारखी वस्तू दिसते, तीच ती. तिच्या आत एक कायमचा चुंबक आणि फेराइट या चुंबकीय पदार्थाचा तुकडा असतो. खटका दाबल्यावर हे दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि विजेचे मंडल पूर्ण होते. प्रत्येक चुंबकीय पदार्थाला एक ठरावीक तापमान असते, ज्याच्या वर तो चुंबकाला दाद देत नाही. पिएर क्युरी यांनी १८९५ मध्ये याचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून त्याला क्युरी तापमान म्हणतात. लोखंडासाठी हे तापमान सुमारे ७७० अंश सेल्सियस आहे. फेराइटचे घटक बदलून ते हवे तिथे आणता येते, आणि कुकरसाठी ते पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या थोडेसे वर, १०३-१०५ अंशांच्या आसपास ठेवलेले असते. तळ तेवढा तापला, की फेराइटची पकड सुटते, स्प्रिंग खटका वर ढकलते आणि कुकर ऊब राखण्याच्या स्थितीत जातो. यात ना संगणक आहे ना घड्याळ. इतक्या साध्या रचनेतून इतके भरवशाचे काम साधले आहे, याचे मला आजही कौतुक वाटते.

या कल्पनेचा पहिला यशस्वी अवतार जपानमध्ये डिसेंबर १९५५ मध्ये बाजारात आला. तोशिबा कंपनीसाठी तो योशितादा मिनामी यांनी विकसित केला, आणि त्यासाठी भात शिजवून पाहण्याच्या असंख्य चाचण्या त्यांच्या पत्नी फुमिको यांनी घरी केल्या. त्या कुकरमध्ये दोन भांडी होती. बाहेरच्या भांड्यात एक पेला पाणी घालायचे. ते साधारण वीस मिनिटांत आटले, की तापमान चढे आणि दोन धातूंची पट्टी वाकून वीज तोडत असे. वेळ मोजण्याचे काम बाहेरच्या पाण्यावर सोपवणारी ही युक्ती मागे पडली, आणि आता भातातलेच पाणी ते काम करते.

येथे कोल्हापूरचा भूगोल थोडा आड येतो. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवेचा दाब कमी आणि पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या किंचित वर उकळते. पन्हाळ्यावर ते ९७ अंशांच्या आसपासच उकळू लागते. प्रेशर कुकर हा फरक पुसून टाकतो, कारण त्याच्या आत दाब वाढून तापमान १२० अंशांच्या जवळ जाते. राइस कुकरमध्ये मात्र दाब वाढत नाही. फेराइटचे तापमान कारखान्यात ठरलेले असल्याने, पाणी आटल्यापासून खटका उडेपर्यंत तळाला आपल्याकडे समुद्रकिनाऱ्यापेक्षा दोनेक अंश जास्त चढावे लागते. तळाशी किंचित खरपूस थर धरण्याला हेही एक छोटे कारण आहे. ज्यांना खरपुडी आवडते त्यांची यात सोयच होते. ज्यांना ती नको असते, त्यांनी पाणी चमचाभर वाढवावे.

आता मूळ मुद्दा, म्हणजे पाणी. 'एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी' हे माप आपल्या हाताला बसलेले असते आणि एका वाटीसाठी ते बहुतेक वेळा बरोबरही ठरते. पण त्याच हिशेबाने चार वाट्यांना आठ वाट्या घातल्या, की भाताचा गिच्च गोळा होतो, आणि दोष यंत्राला दिला जातो. आपण घालतो त्या पाण्याचे दोन भाग होतात. एक भाग तांदूळ शोषतो. तो तांदळाच्या प्रमाणात वाढतो आणि मापी वाटीने साधारण तांदळाइतका ते सव्वापट असतो. दुसरा भाग वाफ होऊन झाकणाच्या फटीतून आणि छिद्रातून निघून जातो. हा भाग तांदळावर नव्हे, तर मुख्यतः कुकरची शक्ती, झाकणाचा घट्टपणा आणि उकळण्याचा वेळ यांवर अवलंबून असतो, आणि तांदूळ दुप्पट केला म्हणून तो दुप्पट होत नाही. समजा, तुमच्या कुकरमधून पाऊण वाटी पाणी वाफ होऊन जाते. मग एका वाटीला सव्वा अधिक पाऊण, म्हणजे दोन वाट्या पाणी. दोन वाट्यांना सव्वातीन. आणि चार वाट्यांना पावणेसहा. आठ आणि पावणेसहा यांतले अंतर लहान नाही.

आपल्या कुकरची वाफ किती, हे घरच्या घरी मोजता येते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तांदूळ आणि पाणी घातलेले आतले भांडे ठेवून वजन लिहून घ्यावे, भात झाल्यावर पुन्हा तोलावे. जेवढे ग्रॅम कमी भरले, तेवढे मिलिलिटर पाणी वाफ होऊन गेले. हा प्रयोग एकदा कमी आणि एकदा जास्त तांदूळ घेऊन केला, की आपल्या कुकरचा स्वभाव कळतो. शिजत असताना झाकण उघडून पाहण्याची सवय असेल तर तीही सोडावी लागते, कारण प्रत्येक वेळी बाहेर पडणारी वाफ या हिशेबातूनच वजा होते.

तांदळाचा प्रकार बदलला की शोषले जाणारे पाणी बदलते, आणि आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण आजरा, चंदगड, राधानगरी, गगनबावडा या पावसाळी पट्ट्यात भात हेच मोठे पीक आहे. आजरा घनसाळ या आखूड दाण्याच्या सुवासिक तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारातून आपण कधी घनसाळ आणतो, कधी इंद्रायणी, कधी कोलम, आणि सणाला बासमती. दाण्यातले स्टार्च दोन प्रकारच्या रेणूंचे असते, सरळ साखळीचे अमायलोज आणि फांद्या फुटलेले अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असलेला भात सहसा मोकळा आणि फडफडीत होतो, कमी असलेला मऊ आणि चिकट. इंद्रायणी हा वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेला वाण आहे. आंबेमोहराचा वास आणि मऊपणा दोन्ही त्यात उतरले आहेत, म्हणून त्याला कोलमच्या मापाने पाणी घातले तर भात गुरगुट्या होतो. आमच्या घरी पहिल्यांदा घनसाळ कुकरमध्ये लावला तेव्हा नेमके हेच झाले होते, आणि तांदूळ चांगला नाही असा निष्कर्ष काढून आम्ही मोकळे झालो होतो. पुढच्या वेळी एका वाटीमागे पाव वाटी पाणी कमी केले आणि तोच तांदूळ सुटसुटीत, सुवासिक झाला. नवा तांदूळही जुन्यापेक्षा कमी पाणी मागतो आणि जास्त चिकटतो. हातसडीच्या तांदळावर कोंड्याचा थर असल्याने पाणी आत जायला वेळ लागतो. तो तासभर तरी भिजवावा आणि पाणीही वाढवावे.

भिजवण्याबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. कोरड्या दाण्यात १३ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो आणि अर्ध्या तासात तो जवळपास दुप्पट होतो. दाण्याचे स्टार्च वाणानुसार साधारण ५५ ते ७९ अंशांच्या दरम्यान फुगून मऊ होते, पण त्यासाठी पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचलेले असावे लागते. न भिजवलेल्या दाण्याचे बाहेरचे थर आधी शिजून चिकट होतात आणि आत पाणी जाण्याची वाट मंदावतात. तेवढ्यात तळाचे पाणी संपते आणि खटका उडतो. वरून शिजलेला, आतून कणी राहिलेला भात होतो तो असा. चुलीवर भात करणाऱ्या बायका आधणात तांदूळ वैरण्यापूर्वी ते धुऊन रोवळीत निथळत ठेवत, त्या वेळात दाण्याला लागलेला ओलावा आत मुरत असे.

खटका उडाल्यावरही दहा-पंधरा मिनिटे झाकण तसेच ठेवावे. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण भरपूर पाण्यात ढवळून शिजवलेल्या भाताला लागू पडते. कुकरमध्ये मात्र तळाचे शीत कोरडे आणि वरचे ओलसर असते. या विश्रांतीत ओलावा सगळीकडे सारखा होतो. जुन्या स्वयंपाकघरात भाताचे पातेले चुलीवरून वैलावर सरकवत, ते याच कामासाठी. कुकरची ऊब राखणारी स्थिती म्हणजे विजेवरचा वैलच आहे.

पुलाव आणि खिचडीच्या बाबतीत मात्र यंत्र फसते, आणि तेही त्याच कारणाने. तळाशी तूप, परतलेला कांदा किंवा घट्ट मसाला बसला, तर तिथे पाणी पोचत नाही, तेवढाच भाग उत्कलनबिंदूच्या वर तापतो आणि वर पाणी शिल्लक असतानाच खटका उडतो. म्हणून फोडणी वेगळ्या कढईत करून, कुकरमध्ये सर्व एकत्र ढवळून मगच तो लावावा. मूगडाळीच्या खिचडीला फेस येऊन तो झाकणाच्या छिद्रातून उतू जातो; भांडे अर्ध्याहून अधिक न भरणे हाच त्यावर उपाय.

विकत घेताना क्षमतेच्या आकड्याने गोंधळू नये. डब्यावरचे लिटर बहुधा भांड्याचे असतात, तर आपल्याला हवे असते ते कच्च्या तांदळाचे माप, कारण तांदूळ शिजून अडीच ते तीन पट फुगतो. चार माणसांच्या घराला एका वेळी चारशे ग्रॅम तांदूळ सहज शिजेल एवढा कुकर पुरतो. फार मोठ्या कुकरमध्ये एक वाटी तांदूळ लावला तर तो पातळ थरात पसरून कोरडा पडतो. सातशे वॅटचा कुकर २३० व्होल्टवर तीन अँपिअर वीज घेतो, तेव्हा घरातला साधा सहा अँपिअरचा सॉकेट चालतो, पण अर्थिंग मात्र नक्की हवे. पंचवीस मिनिटांत तो ०.३ युनिटच्या आसपास वीज वापरतो. स्वतःहून भिजवण आणि आच सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक कुकर अधिक महाग असतात. रोज वेगवेगळे तांदूळ शिजवणाऱ्यांनीच तो खर्च करावा, असे माझे मत आहे. पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या गावांत तर साधा कुकर अधिक सोयीचा, कारण त्याचा खटका चुंबकाने धरलेला असतो. वीज गेली तरी तो खालीच राहतो आणि वीज आल्यावर काम पुढे चालू होते. अर्थात, खंड तासाभराचा असेल तर कोमट पाण्यात फुगलेला भात मऊच होणार.

निगा राखताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: भांड्याचा तळ आणि तबकडी कोरडी व स्वच्छ असावी. मध्ये एक दाणा अडकला, तरी भांडे उचलले जाऊन हवेची फट राहते, आणि हवा ॲल्युमिनियमपेक्षा हजारो पटींनी कमी उष्णता वाहून नेते. मग भात एका बाजूने कच्चा, दुसऱ्या बाजूने करपलेला होतो, आणि खटकाही वेळेवर उडत नाही. नॉनस्टिक लेप असलेल्या भांड्यात तांदूळ चोळून धुऊ नयेत आणि धातूचा चमचा घालू नये. लाकडी उलथने चांगले.

ऊब राखण्याच्या स्थितीत भात किती वेळ ठेवावा, हा प्रश्न आरोग्याचा आहे. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू तांदळावर असतात आणि उकळल्यानेही मरत नाहीत. भात कोमट राहिला, की ते रुजून वाढतात. त्यांच्या एका प्रकारातून तयार होणारे उलट्या करणारे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. भात ६० अंशांच्या वर राहील तोवर ही वाढ होत नाही, आणि चांगला कुकर तेवढी ऊब राखतो. पण चाळीस वॅटने आठ तास ऊब ठेवली तर ०.३२ युनिट, म्हणजे शिजवण्याइतकीच वीज जाते, आणि घनसाळचा वासही उडून जातो. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे जेवण दोन-तीन तास लांबणार असेल तर ऊब चालू ठेवावी. रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकायचा असेल, तर कुकर बंद करून त्यातच तो ठेवू नये. परातीत पातळ पसरून निववावा, तासाभरात झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि सकाळी कढईत वाफ येईपर्यंत परतावा.