बोनेटखालची सात सेंटिमीटर

सोसायटीत कुणाची नवी गाडी आली की कुणीतरी बोनेटवर अंगठा दाबून म्हणतंच, "पत्रा बघा कसा दबतोय! जुन्या गाड्या काय दणकट असायच्या." अहो, तो दबायलाच हवा. गाडीपुढे आलेल्या माणसासाठी त्याची ती रचना असते.

कारचा बंपर माणसाच्या गुडघ्याच्या आसपास लागतो. गुरुत्वमध्य त्याच्या बराच वर, कमरेजवळ. त्यामुळे पाय खालून निसटतात, धड बोनेटवर आडवं होतं आणि मग डोकं आपटतं. लहान मुलाचं पुढे, मोठ्याचं काचेजवळ.

समजा, डोकं ताशी ३५ किमी, म्हणजे सेकंदाला ९.७ मीटर वेगानं आदळलं. मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, काढायचं शाळेतलं सूत्र आठवा: वेगाचा वर्ग भागिले थांबायच्या अंतराची दुप्पट. पत्रा २ सेंमी दबून खालच्या इंजिनाला टेकला, तर मंदन गुरुत्वत्वरणाच्या २४० पट. ७ सेंमी दबला, तर फक्त ६९ पट. पण डोक्याची इजा मंदनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. ती जोखण्यासाठी एचआयसी (हेड इंज्युरी क्रायटेरियन) नावाचा अंक वापरतात: सरासरी मंदनाचा अडीचावा घात (वर्ग गुणिले वर्गमूळ) गुणिले काळ. मंदन एकसारखं धरलं तर ७ सेंमीला काळ १४ मिलिसेकंद, अंक सुमारे ५६५. २ सेंमीला काळ जेमतेम ४ मिलिसेकंद, तरी अंक ३,७०० च्या घरात! चाचणीत १,००० ही महत्त्वाची मर्यादा मानतात. आणि अंतर तेच ठेवून वेग दुप्पट केला, तर अंक सोळा पट होतो, कारण तो वेगाच्या चौथ्या घातानं वाढतो. पाच सेंटिमीटर मोकळी जागा एवढं करू शकते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

इंजिन उंच असेल तर ही जागा कुठून आणायची? काही गाड्यांत बंपरमधले सेन्सर पायाची धडक ओळखतात आणि डोकं पोचण्याआधी बोनेटची मागची कड वर उचलली जाते. काचेच्या बाजूचे खांब मात्र मऊ करता येत नाहीत, छप्पर त्यांच्यावर उभं असतं. व्होल्वोनं २०१२ मध्ये व्ही४० गाडीत त्यांचा खालचा भाग झाकणारी एअरबॅग बाहेरून दिली.

एवढं सगळं करून झाल्यावर लोक पुढे स्टीलचं बुलगार्ड बसवतात आणि त्याला लिंबू-मिरची बांधतात. लिंबानं थांबायचं अंतर एक मिलिमीटरही वाढत नाही. गार्ड तर सगळा जोर एका न दबणाऱ्या पाइपावर आणतं, आणि लहान मुलाच्या बाबतीत तो पाइप थेट छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर येतो. केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्येच असे गार्ड बेकायदा ठरवले. आमच्या रस्त्यावर ते अजून दिसतात, शाळा सुटायच्या वेळीसुद्धा.