स्लाइड उचलतं कोण? डुकाटीचा सीव्ही कार्बोरेटर आणि एफसीआर

नव्वदच्या दशकातली डुकाटी ९००एसएस कोल्हापूरच्या रस्त्यावर क्वचितच दिसते. पण ज्याच्याकडे ती आहे त्याला भेटणारा प्रत्येक गडी एकच सल्ला देतो: मिकुनी काढ, केहिनचे एफसीआर बसव, मग बघ पिकअप. दोन्ही कार्बोरेटर, म्हणजे इंजिनला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणारे: मिकुनी कंपनीचे मूळचे, सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) जातीचे, आणि केहिन कंपनीचे एफसीआर. सल्ला वाईट नाही. फक्त देणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना वाटतं की वस्तू एकच आहे, एक साधी आणि दुसरी रेसिंगची. तसं वाटायला कारणही आहे. दोन्हींत हवेची वाट कमी-जास्त करत वर-खाली सरकणारी स्लाइड, तिला लटकलेली, पेट्रोल मोजणारी निडल, खाली फ्लोटची वाटी आणि बाजूने आलेली केबल. ती केबल शेवटी काय ओढते, तिथे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

ओळखायचं असेल तर इंजिन बंद ठेवा, एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारा आणि मूठ पिळा. एफसीआरची स्लाइड मुठीबरोबर वर जाईल. ९००एसएसवरच्या मिकुनी बीडीएसटी ३८ ची स्लाइड जागची हलणार नाही. तिच्या मागे, इंजिनच्या बाजूला, एक गोल चकती तेवढी फिरेल. ती बटरफ्लाय. केबल तिलाच जोडलेली असते.

मग सीव्हीमध्ये स्लाइड उचलतं कोण? इंजिन. स्लाइडच्या डोक्यावर रबराचा पातळ डायफ्रॅम असतो. त्याच्या खालच्या बाजूला बाहेरच्या हवेचा दाब असतो, आणि वरच्या बाजूला स्लाइडच्या बुडातल्या भोकातून इंजिनचा खेच पोचतो. बटरफ्लाय उघडली, हवेचा वेग वाढला, की वरचा दाब घटतो आणि स्लाइड स्प्रिंगला दाबत वर चढते. तुम्ही कितीही घाईने मूठ पिळा, इंजिनला पचेल तेवढीच ती उघडणार. घरची उदाहरणं हवीत? आरएक्स १०० चा कार्बोरेटर सरळ केबलवर उचलणारा, आणि कार्बोरेटरवाल्या क्लासिक ३५० चा सीव्ही. दोन्ही चालवलेल्याच्या मनगटाला हा फरक आधीच ठाऊक आहे. मोटरसायकलवर सीव्ही नवा नाही. १९६५ च्या होंडा सीबी ४५० वरही केहिनचे सीव्हीच होते.

एफसीआरमध्ये हा समजूतदार मध्यस्थ नाही. कमी आरपीएमला मूठ एकदम पिळली तर हवेचं भोक मोठं होतं, हवेचा वेग पडतो, जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, पेट्रोल ओढलं जात नाही आणि इंजिन घुटमळतं. ते झाकायला एफसीआरला अ‍ॅक्सिलरेटर पंप असतो: मूठ पिळताक्षणी तो पेट्रोलची एक पिचकारी मारतो. शिवाय इंजिनचा खेच सपाट स्लाइडला एका बाजूला दाबून धरतो. ती अडकू नये म्हणून तिला रोलर दिलेले असतात. एवढं करूनही मूठ मिकुनीपेक्षा जड लागते. दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत अर्धा तास काढला की मनगटाला ते कळतं. पण मोकळ्या रस्त्यावर, मूठ आणि मागचं चाक यांच्यात काहीच उरलं नाही असं वाटतं ते एफसीआरवरच. ९०४ सीसीचं ट्विन इंजिन तेव्हा खरंच वेगळं बोलतं.

पंपामुळे एक सवय मात्र सोडावी लागते. गाडी बंद असताना मूठ पिळत बसणं. सीव्हीला त्याने काही होत नाही; एफसीआर प्रत्येक वेळी सिलिंडरकडे पेट्रोल फेकतो आणि प्लग ओले होतात. गंमत अशी की अनेक एफसीआर संचांना चोकच नसतो, त्यामुळे थंड गाडी चालू करताना हीच पिचकारी दोनदा मारून घ्यायची असते.

माझं मत विचाराल तर बदलण्याआधी मिकुनी आजारी आहे का ते बघा. गाडी चालू होते, आयडलिंग नीट, पण पुढे ओढतच नाही, अशी तक्रार असेल तर पहिला संशय फाटलेल्या डायफ्रॅमवर. स्लाइड बोटाने वर ढकला, बुडातलं भोक बोटाने बंद ठेवा: ती वरच टिकली पाहिजे. झपकन खाली आली तर हवा कुठेतरी निसटतेय. आणि कार्बोरेटर क्लीनरचा फवारा या रबरावर कधीही मारू नका, ते फुगतं. दुसरा रोग पेट्रोल पिण्याचा. बीडीएसटीमध्ये निडल जेटमध्ये घासून घासून त्याचं गोल भोक लांबट करते, मिश्रण गडद होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं, प्लग काळे पडतात, अ‍ॅव्हरेज कोसळतो. निडल आणि जेट नवे घातले की तीच गाडी सुधारते, आणि एफसीआरच्या जोडीच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. त्यात हल्ली पेट्रोल पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसातून येतं खरं, पण जुन्या ओ-रिंगांना ते मानवत नाही, आणि त्यातल्या ऑक्सिजनमुळे मिश्रण थोडं फिकं होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. या तिन्ही गोष्टी न बघता एफसीआर लावला, तर सुधारणा नव्या कार्बोरेटरची की नव्या रबराची, हे कळायलाच मार्ग उरत नाही.

सगळ्या जुन्या इटालियन गाड्यांना मात्र हे लागू नाही. डुकाटीचीच १९८६ ची ७५० पासो, नंतरची ९०६ पासो आणि १९८९-९० ची ९००एसएस यांना दोन सिलिंडरांत मिळून वेबरचा एकच ४४ डीसीएनएफ होता, मोटारीच्या घराण्यातला. तिथे बदल करायला माझी हरकत नाही, मिकुनीची जोडी मिळाली तरी चालेल. उलट १९७६ च्या मोटो गुझी ल मान्सला डेलॉर्टोचे पीएचएफ ३६ मुळातच केबलवर उचलणारे आणि पंपवाले. तिथे ‘सीव्ही काढा’ म्हणायला सीव्हीच नाही.

बदलायचंच ठरलं तर नुसते कार्बोरेटर आणून भागत नाही. इनटेकचे रबर वेगळे, थ्रॉटलच्या केबल दोन, एक उघडायला आणि एक बंद करायला, आणि एअरबॉक्स काढला तर जेट सगळे नव्याने ठरवायचे. उद्यमनगरात लेथवर अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅडॅप्टर सुबक उतरवून मिळतो. सांगताना एवढं बजावा की आतल्या जोडावर पायरी राहू देऊ नका, तिथेच हवा अडखळते. शेवटी दोन्ही सिलिंडरांचा खेच व्हॅक्यूम गेजवर सारखा करायचा. मिकुनीत त्यासाठी बटरफ्लाय जुळवतात, एफसीआरमध्ये स्लाइड.