दोन्ही 'युरोप क्रूझ'च, पण एक समुद्राची आणि एक नदीची

निपाणीची माझी मामेबहीण यंदा शाळेतून निवृत्त झाली. आयुष्यभर पोरांना नकाशात युरोपातली डॅन्यूब नदी दाखवली, आता ती डोळ्यांनी बघायची म्हणते, आणि एकटीनंच. गेल्या महिन्यात बेळगावला, टिळकवाडीत आमच्याकडं आली ती पर्समधून दोन माहितीपत्रकं काढतच. दोन्हींवर ठळक अक्षरांत 'युरोप क्रूझ, 7 रात्री'. दोन्हींवर निळं पाणी, पांढरं जहाज आणि कठड्याला टेकून हसणारं जोडपं. भाडं मात्र एकाचं दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट.

"ताई, जहाज ते जहाजच की. मग एवढा फरक कशाला?"

स्वस्त पत्रकात बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, रोम, नेपल्स. महागात पसाऊ, लिंझ, व्हिएन्ना, ब्राटिस्लावा, बुडापेस्ट. पहिली समुद्राची, दुसरी नदीची. मी दोन्ही केल्यात, दोन्ही एकटीनं, आणि परत आल्यावर असं वाटलं की या दोन प्रवासांना एकच नाव देणं म्हणजे एसटीला आणि रिक्षाला 'गाडी' म्हणण्यासारखं आहे. चूक नाही, पण उपयोग काय?

समुद्राचं जहाज म्हणजे एक तरंगतं गाव. 2024 मध्ये आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' 365 मीटर लांब आहे आणि सगळ्या खाटा भरल्या तर त्यात साडेसात हजार माणसं मावतात. माझं जहाज त्याच्यापुढं लहान, तरी पहिले दोन दिवस मी गालिच्याचा रंग बघून माझी केबिन शोधत होते. नदीची बोट फार तर 135 मीटर लांब, बहुधा साडेअकरा मीटरच्या आतच रुंद, आणि प्रवासी दोनशेच्या आत. ही रुंदी कुणाच्या आवडीनं ठरलेली नाही, लॉकनं ठरवलीय.

लॉक म्हणजे पाण्याची खोली, दोन्ही टोकांना दारं. बोट आत घ्यायची, दारं लावायची, पाणी भरायचं, बोट वर उचलली जाते. ऱ्हाइन, माइन आणि डॅन्यूब जोडणारा कालवा 1992 मध्ये पुरा झाला आणि उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत सलग पाणवाट तयार झाली. त्या कालव्यावरचे लॉक 12 मीटर रुंद. बोट 11.45 मीटरची. म्हणजे दोन्ही बाजूंना उरली एकेक वीत. मी न्यूरेंबर्गहून बसले होते. रात्री साडेदहाला पुस्तक वाचत पडले होते आणि खिडकीबाहेरचा उजेड अचानक गेला. उठून बघितलं तर काचेपलीकडं ओली काँक्रीटची भिंत, शेवाळ आलेली, इतकी जवळ की खिडकी उघडून हात लावता आला असता. लावलाच. गार आणि बुळबुळीत. मग ती भिंत हळूहळू खाली सरकायला लागली, कसलाही धक्का नाही, आवाज नाही. त्या टप्प्यातले मोठे लॉक एका दमात जवळपास 25 मीटर उचलतात, आणि असं चढत चढत बोट समुद्रसपाटीपासून 406 मीटरवर जाते. बोट डोंगर चढते हे भूगोलाच्या बाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा चहा गार झाला.

आता समुद्राच्या पत्रकातलं 'रोम' घ्या. रोमला समुद्र नाही. जहाज लागतं ते चिविताव्हेकियाला, रोमपासून सुमारे 80 किलोमीटरवर. आपल्या विमानाच्या तिकिटावर 'बेळगाव' असतं आणि उतरतो आपण सांबऱ्याला, तसलाच प्रकार. फक्त सांबऱ्यापासून गावात रिक्षानं येता येतं आणि चिविताव्हेकिया ते रोम हे अंतर बेळगाव ते निपाणी एवढं आहे. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, सुमारे 90 किलोमीटर. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, 200 च्या आसपास. 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंडे, तिथून बर्लिन म्हणजे आपलं बेळगाव ते सातारा. सगळीच बंदरं अशी नाहीत, हेही सांगायला हवं. नेपल्सला जहाजातून उतरलं की समोर किल्ला. जेनोआला धक्क्यापासून रेल्वे स्टेशन चालत. अथेन्सचं पिरेयस शहरापासून दहाएक किलोमीटरवर, मेट्रोनं जाता येतं. पण हे पत्रकावर लिहिलेलं नसतं. म्हणून पत्रकातलं शहराचं नाव वाचायचंच नाही, बंदराचं नाव विचारायचं आणि नकाशात दोघांतलं अंतर बघायचं.

एकट्या माणसाला हे अंतर जास्त लागतं. कारण समुद्राचं जहाज सकाळी लागतं आणि संध्याकाळी सुटतं, आणि सुटायच्या साधारण अर्धा तास आधी सगळे आत हवेत. जहाजाकडून सहल घेतली असेल आणि बस अडकली तर जहाज आपल्या लोकांची वाट बघतं. स्वतःचं स्वतः गेलात तर बघत नाही. मी पैसे वाचवायला रोमला स्वतःची गेले. जाताना झकास झालं: बंदराच्या बसनं बाहेर, लोकल ट्रेन, सान पिएत्रो स्टेशन, तिथून व्हॅटिकन पायी. येताना गाडी मधल्या एका स्टेशनावर थांबली ती थांबलीच. इटालियनमध्ये घोषणा होत होत्या. माझ्या डब्यात कॉलेजची चार पोरं, ती मोबाईलमध्ये. पंचवीस मिनिटं मी घड्याळ आणि खिडकी, घड्याळ आणि खिडकी. जोडीदार असता तर निदान भांडता तरी आलं असतं. जहाजाच्या दारात कार्ड लावलं, 'टिंग' वाजलं, तेव्हा मुदतीला दहा मिनिटं होती. त्या रात्री जेवणात काय होतं ते आठवत नाही.

आणि हो, घड्याळ. इटली आणि ग्रीसमध्ये एका तासाचा फरक आहे. मोबाईल आपोआप तिथली वेळ दाखवतो, जहाज आपल्या मनाची ठेवू शकतं. उतरताना दारावरच्या पाटीवर लिहिलेली वेळ बघा आणि मनगटी घड्याळ तसं लावा.

नदीची बोट बहुतेक वेळा गावातच लागते. पसाऊला उतरलं की पाच मिनिटांत जुन्या गल्ल्या. बुडापेस्टला रात्री जेवून, शाल घेऊन, दिव्यांनी उजळलेल्या साखळी पुलापर्यंत फिरून आले, कारण बोट रात्रभर तिथंच होती. समुद्राच्या जहाजाची रात्र बहुधा पाण्यात जाते, गाव संध्याकाळी कसं दिसतं ते कळतच नाही. पण इथंही 'दाराशी'चा अर्थ ताणून घेऊ नका. व्हिएन्नाला बोटी राइशब्रुकेच्या धक्क्याला लागतात, तिथून जुनं शहर मेट्रोनं चार स्टेशनं. न्यूरेंबर्गचा धक्का मालवाहतुकीच्या बंदरातला, आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीची आठवण आली. आणि डॅन्यूबच्या पत्रकात 'प्राग' दिसलं तर समजायचं की ती बसची जोड आहे. प्राग आहे व्ल्टावा नदीच्या काठी. हे मात्र बहिणीनंच मला सांगितलं.

नदीवरची एक गंमत कुठल्याच पत्रकात नसते. धक्के कमी आणि बोटी जास्त, म्हणून दोन-तीन बोटी एकमेकींना खेटून बांधतात. काठावर जायचं तर दुसऱ्या कंपनीच्या बोटीच्या दिवाणखान्यातून वाट. लिंझला सकाळी मी झोपेतच पडदा सरकवला तर हातभर अंतरावर बनियनमधले एक आजोबा दाढी करत होते. त्यांनी ब्रश हलवून नमस्कार केला. मी पडदा ओढला. जास्त पैसे देऊन बाल्कनीची खोली घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

माझ्या मते खरा फरक मात्र एकटेपणात आहे. समुद्राच्या जहाजावर तुम्ही एकट्या आहात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. हे काहींना हवंच असतं. मलाही तीन दिवस फार बरं वाटलं: कुणी विचारत नाही, बुफेत ताट घ्यायचं, खिडकीशी बसायचं, 'मिस्टर नाही आले?' नाही. चौथ्या दिवशी मी लिफ्टमधल्या आरशाशी मराठीत बोलले.

नदीच्या बोटीवर दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यांना सगळं माहीत. जेवायला ठरलेल्या जागा नसतात, टेबलं सहा-आठ जणांची, कुणीतरी खुर्ची ओढून देतंच. मग सुरू: कुठल्या तुम्ही? बेळगाव. ते कुठं? कर्नाटकात. म्हणजे कन्नड बोलता? बोलते, पण घरात मराठी. मग महाराष्ट्रातल्या? नाही. हे समजावण्यात माझी तीन जेवणं गेली. ब्राटिस्लावाच्या गाईड बाईंना मात्र एका वाक्यात समजलं. त्यांच्या शहरालाच 1919 पर्यंत जर्मन लोक प्रेसबुर्ग म्हणायचे, हंगेरियन पोझोनी, आणि ऑस्ट्रिया व हंगेरी दोन्हींच्या सीमा शहराला चिकटून. त्या म्हणाल्या, आमच्याकडं जुनी माणसं एका वाक्यात तीन भाषा वापरायची. मी म्हटलं, आमच्या खडेबाजारात या, अजून वापरतात. आमच्या गावाचं सरकारी नाव 2014 मध्ये बेळगावी झालं हेही सांगितलं. बाकीचे प्रवासी चर्चचे फोटो काढत होते, आम्ही दोघी गावांच्या नावांवर बोलत होतो.

पण ज्याला गर्दीत हरवायचं आहे त्यानं नदीवर जाऊ नये. आठ दिवस तीच दीडशे माणसं, आणि बहुतेक साठीच्या पुढची. एखाद्या जोडप्याशी जमलं नाही तर लपायला जागा नाही.

पैशाचं. दोन्हीकडं पत्रकातलं भाडं 'प्रति व्यक्ती' असतं, पण ते एका खोलीत दोघं धरून. एकट्यानं खोली घेतली की वर अधिभार, आणि तो दुसऱ्या माणसाच्या पूर्ण भाड्याएवढाही असू शकतो. म्हणजे न आलेल्या नवऱ्याचंही तिकीट आपणच काढायचं. समुद्राच्या काही जहाजांवर एकट्यांसाठी छोट्या खोल्या असतात. 2010 च्या 'नॉर्वेजियन एपिक'वर अशा 128 स्टुडिओ केबिन केल्या आणि मग इतरांनीही केल्या. खोली माळ्यावरच्या अडगळीएवढी, पण झोपायलाच तर हवी. नदीच्या बोटीत अशा खोल्या जेमतेम, पण गर्दी नसलेल्या महिन्यांत काही कंपन्या अधिभार कमी करतात किंवा सोडून देतात. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. शिवाय समुद्राच्या भाड्यात सहली, इंटरनेट, पेयं बहुधा नसतात आणि रोजची टिप खात्यावर आपोआप चढते. नदीच्या भाड्यात बहुतेक ठिकाणी रोजची एक पायी सहल धरलेली असते. हे सगळं मांडून बघितलं तेव्हा बहिणीच्या दोन पत्रकांतली 'दुप्पट' बरीच खाली आली. शाकाहारींनी दोन्हीकडं बुकिंगच्या वेळीच सांगावं, नदीवर तर नक्कीच, कारण तिथं स्वयंपाकघर एकच.

व्हिसाचं थोडक्यात. दोन्ही पत्रकांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, पुरतो. पण समुद्राच्या फेरीत तुर्कस्तान किंवा मॉन्टेनेग्रो आलं, किंवा डॅन्यूबवर बेलग्रेडपर्यंत गेलात, की शेंगेनच्या बाहेर पडून परत आत यायचं, म्हणून एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा हवा, आणि त्या बाहेरच्या देशाचा व्हिसा लागतो का तेही बघायचं. अर्ज ज्या देशात जास्त मुक्काम त्याच्याकडं. पुण्याला द्यायचा की बेंगळुरूला, हा आपला नेहमीचा प्रश्न इथंही येतोच. पत्ता कर्नाटकाचा आहे हे सांगून आधी विचारून घ्या.

राहिली ती नदीची लहर. समुद्रात वादळ आलं तर एखादं बंदर गाळतात, सान्तोरिनीसारख्या ठिकाणी छोट्या होड्यांनी उतरवतात तिथं लाटा मोठ्या असल्या तर उतरवतच नाहीत. पोट ढवळतं ते वेगळं. नदीवर पोट ढवळत नाही, पण पाणी कमी झालं की बोटीचा तळ टेकतो आणि वाढलं की बोट पुलाखालून जात नाही. 2022 च्या उन्हाळ्यात ऱ्हाइन इतकी आटली की कित्येक क्रूझचे टप्पे बसनं झाले. 2013 च्या जूनमध्ये पसाऊला पाणी 12.89 मीटरवर गेलं होतं. युरोपातल्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं. निपाणीच्या माणसाला काय सांगायचं? वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलेलं तिनं 2019 लाही बघितलंय आणि 2021 लाही.

"म्हणजे पैसे बोटीचे आणि बसायचं बसमध्ये?" तिनं विचारलं.

"तसंही होतं."

"मग विम्यात ते बसतं का?"

हा प्रश्न मला दोन्ही वेळा सुचला नव्हता. पॉलिसी काढण्याआधी तिनं विचारला आणि लेखी उत्तर घेतलं. पत्रक तिनं नदीचं निवडलं, सप्टेंबरातलं, खोली खालच्या मजल्यावरची, जिथं खिडकी जेमतेम पाण्याच्या वर असते आणि उघडत नाही, पण अधिभार सर्वांत कमी. आता पावसाळा लागलाय. सकाळी आठला तिचा फोन येतो, आधी दूधगंगेचं पाणी कुठं आलं ते सांगते, मग पसाऊचं.