इंजिनाचं फाउंडेशन का बसतं?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही गॅरेजात गाडी नेऊन "लई थरथरतीय" म्हणालात, की मिस्त्री आधी बॉनेट उघडून फाउंडेशन बघतो. फाउंडेशन म्हणजे इंजिनाचं माउंटिंग: धातूच्या दोन भागांमध्ये पक्का चिकटवलेला जाड रबर. काम साधं दिसतं, पण त्याच्याकडून अपेक्षा मात्र एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

चार सिलिंडरचं इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना नुसतं चालू, मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे 27 धक्के बसतात. तीन सिलिंडरचं असेल तर 20. धक्के कमी म्हणजे बरंच की, असं वाटेल. पण सावकाश धक्के अडवणंच जास्त अवघड. रबरावर टेकलेल्या इंजिनाला डुलण्याची स्वतःची लय असते. धक्के त्या लयीच्या साधारण 1.4 पटीहून वेगाने आले तरच रबर ते गाळतो. लयीच्या जवळ आले, तर झोक्याला वेळेवर ढकलल्यासारखं डुलणं उलट वाढतं. लय खाली ठेवायची तर रबर मऊ हवा.

आता वैभववाडीकडून करूळ घाट चढून गगनबावड्याला या. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा पीळ, 100 न्यूटन-मीटर धरला, तर पहिल्या गिअरमध्ये तो चाकांपर्यंत 14 पट, म्हणजे 1400 होऊ शकतो. छोट्या गाड्यांत इंजिन आडवं असतं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा भाग) त्यालाच जोडलेले. त्यामुळे चाकांना जेवढा पीळ, तेवढाच उलटा पीळ माउंटिंगांवर. इथे मऊ रबर काय कामाचा? महागड्या माउंटिंगांत म्हणून आत द्रव भरतात. मोठा हेलकावा आला की द्रव अरुंद वाटेने दुसऱ्या कप्प्यात ढकलला जातो आणि हेलकावा जिरतो.

रबराचा खरा शत्रू उष्णता. तिने तो कडक होतो, चिरतो. दुसरा शत्रू ऑइल. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून पाझरलेलं ऑइल नैसर्गिक रबर पितो, फुगतो आणि धातूपासून सुटू लागतो. मग सिग्नलला एसी लावला की स्टिअरिंग थरथरतं, क्लच सोडताना 'ठक्' वाजतं. एक माउंटिंग गेलं की त्याचा भार बाकीच्यांवर पडतो, म्हणून तपासायची सगळीच.

बदलताना बघा: चांगला मिस्त्री ऑइल चेंबरखाली लाकडाची फळी ठेवून मगच जॅक लावतो. नवे बोल्ट आधी हातानेच फिरवतो, जॅक उतरवून इंजिनाचं वजन बसू देतो आणि मग आवळतो. घाईत आधीच आवळले, तर नवा रबर पहिल्या दिवसापासून पिळलेला. आणि वरचं पॅकिंग गळतंच ठेवलं असेल, तर नव्या रबराचेही पैसे पाण्यात.