खानदेशातला रथ : वहन, मोगरी आणि रस्ता

आश्विनात, दसऱ्याच्या आगेमागे, धुळे, पारोळा, शिरपूर, चोपडा इथे बालाजीचे रथ निघतात. धुळ्याच्या खोल गल्लीतला आणि पारोळ्याचा निघतो पाशांकुशा एकादशीला. महिना उलटला की कार्तिकी एकादशीला जळगावचा रामरथ. फैजपूर, रावेर, यावल, अमळनेर यांचे रथ वेगवेगळ्या महिन्यांत येतात, ते इथे घेतलेले नाहीत.

रथ म्हटलं की तीन-साडेतीनशे वर्षांची परंपरा, हे वाक्य ठरलेलं. देव तेवढे जुने असतीलही. पण आज रस्त्यावर दिसतो त्या उंचीचा, चार भरीव चाकांचा सागवानी रथ उभा राहायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: वळता येईल एवढा रुंद रस्ता, सागाचं मोठं लाकूड विकत घेणारा पैसा, आणि चाकाला लोखंडी धाव, म्हणजे कडेची गोल पट्टी, चढवणारे लोहार-सुतार. हे तिन्ही खानदेशात एका वेळी जमून आले ते १८६० नंतर. सातपुड्यातलं सागवान आधीपासून होतंच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस अडला, इथल्या कापसाचे भाव चढले, त्याच दशकात रेल्वे आली आणि जळगाव हे खेडं बघताबघता कापसाची पेठ झालं. धुळ्याची नगरपालिका १८६२ ची, जळगावची १८६४ ची. जळगावचा रथ सुरू झाला १८७२ साली. या तारखा ओळीने मांडल्या की वेगळं सांगायची गरज राहत नाही. रथ हा पेठेचा उत्सव आहे, गढीचा नाही. धुळ्यात तर इंग्रजी अंमल आल्याबरोबर सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली गेली होती. अशा पेठेत रथ फिरवणं गावठाणातल्या बोळांपेक्षा कितीतरी सोपं.

पारोळ्याचं खातं वेगळं. तिथला किल्ला १७२७ चा, गाव जहागिरीचं, पेठ किल्ल्याला लागून. तिथे उत्सवाला आश्रय आधी जहागिरीचा आणि नंतर व्यापाऱ्यांचा, असा क्रम असावा. 

आता ‘वहन’. या एका शब्दावर दर वर्षी शाई खर्च होते. जळगावात रथाआधी कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून रोज रात्री देवाची स्वारी निघते: घोडा, हत्ती, वाघ, सिंह, सरस्वती, शेषनाग, चंद्र, सूर्य, गरुड, मारुती. गावात याला वहन म्हणतात आणि सगळ्या प्रकाराला वहनोत्सव. बालाजीच्या गावांत हेच घटस्थापनेपासून चालतं. बातमी बाहेरच्या संपादकाच्या हाताखालून गेली की ‘वाहनोत्सव’ होऊन छापून येते. गावातले काही शिकलेले लोकही निमंत्रणपत्रिकेत काना घालून घेतात, कारण वहन हा त्यांना वाहनाचा अपभ्रंश वाटतो.

तो अपभ्रंश नाही. धातू एकच, वह्. वाहन म्हणजे नेणारं साधन, वहन म्हणजे नेण्याची क्रिया, आणि दोन्ही शब्द शुद्ध आहेत. गावाच्या बोलण्यात वहनाला तीन अर्थ आहेत. ‘वहन रंगवायला काढलं’ म्हणजे लाकडी आकृती. ‘दहाला वहन दाणा बाजारात आलं’ म्हणजे त्या रात्रीची फेरी. ‘उद्या आमच्याकडे वहन आहे’ म्हणजे त्या घरी स्वारी थांबणार, आरती होणार आणि जमलेल्यांना पानसुपारी द्यायची. अहिराणी मुलखात विचारतात, ‘आज कसानं वहन शे?’, म्हणजे आज कशाचं वहन आहे. या प्रश्नात आकृतीही आली आणि फेरीही. ‘वाहन’ हा शब्द यातला फक्त पहिला अर्थ पेलतो, बाकीचे दोन सांडतात.

वाहन म्हणायला आणखी एक अडचण आहे. गरुड विष्णूचं वाहन, हे ठीक. पण चंद्र-सूर्य ही पुराणांतली वाहनं नव्हेत, आणि राम वाघावर बसल्याचं कोणत्या पुराणात आहे? शब्द कोशात बसवायला गेलं तर निम्मी वहनं बाहेर ठेवावी लागतील. वर ‘वाहनोत्सवानिमित्त मार्गावर वाहनांना प्रवेश बंद’ अशी सूचना लावायची वेळ येते, ती वेगळीच. वहन हेच बरोबर, आणि काना घालणाऱ्यांनी हात आवरावा.

यादी आली कुठून, हे सांगणं त्या मानाने सोपं आहे. तिरुमलाच्या, म्हणजे तिरुपतीच्या बालाजीच्या, नऊ दिवसांच्या ब्रह्मोत्सवात शेष, हंस, सिंह, गरुड, हनुमान, हत्ती, सूर्यप्रभा, चंद्रप्रभा आणि घोडा ही सगळी येतात, आणि आठव्या दिवशी रथ असतो. खानदेशी यादी तिच्याशी पडताळली की जवळजवळ सगळी नावं जुळतात. जळगावच्या यादीत हंस नाही आणि तिरुमलाच्या यादीत सरस्वती नाही, वाघ सोडला तर एवढाच फरक वाटतो. पण तिरुमलाला हंसावरच्या स्वारीत देवाला वीणा देऊन सरस्वतीच्या रूपात सजवतात. हंस गळून सरस्वती राहिली असावी, हा तर्क त्यामुळे ओढूनताणून केलेला नाही. वाघ मात्र इथला, सातपुड्याच्या पायथ्याचा. तिरुमलाला रथानंतर घोडा येतो, इथे घोडा आधीच होऊन जातो आणि रथाने कळस चढतो. मूळ बालाजीचा असलेला हा साचा जळगावात रामाला लावला गेला आणि महिना कार्तिक धरला गेला. त्यामागे पंढरीच्या कार्तिकी वारीचा ओढा असावा. तिथे रथासोबत मुक्ताईच्या पादुकांची पालखी असते, ती उगाच नाही. त्याच रथाचा थांबा भिलपुऱ्यातल्या दर्ग्यापाशीही ठरलेला आहे.

तिथीचा घोळ दर दोन-चार वर्षांनी होतोच. पंचांगात स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादशा आल्या की रथ कधी काढायचा? नियम साधा आहे: सूर्योदयाआधीच्या चार घटी, म्हणजे ९६ मिनिटं, हा अरुणोदय. त्या वेळात दशमीचा अंश उरला असेल तर वैष्णव ती एकादशी सोडतात आणि दुसऱ्या दिवशीची, भागवत, धरतात. बालाजी काय, राम काय, वैष्णव परंपरेतलेच, तेव्हा भागवत एकादशी. एकादशीच्या आधी एखाद्या तिथीचा क्षय झाला तर दहा वहनं नऊ रात्रींत बसवावी लागतात. मग एका रात्री दोन काढा, नाहीतर एक सोडा. वृद्धी झाली तर एक रात्र जादा मिळते. बंदोबस्त, वीजपुरवठा आणि बाहेरगावचे दुकानदार हे सगळं इंग्रजी तारखेवर चालतं, म्हणून हा निर्णय पत्रिका छापायच्या आधी व्हायला हवा. नंतर बदलला की यात्रा दोन दिवसांत फाटते.

रथाचा खरा इतिहास मोगरीत आहे, आणि तो कुणी लिहीत नाही. मोगरी म्हणजे एरवी ठोकायचं किंवा कपडे बडवायचं लाकूड. रथापुढे मात्र मोगरी म्हणजे चाकाखाली सारायची पाचर. रथाला सुकाणू नसतं. पुढचा आस बैलगाडीसारखा जागच्या जागी घट्ट असतो, डावीकडे-उजवीकडे फिरत नाही. समोर दोर ओढणारे शेकडो लोक फक्त पुढे ओढू शकतात. दिशा ठरते ती मोगरीवाल्यांच्या हातात.

डावीकडे वळायचं तर डाव्या पुढच्या चाकाला मोगरी लावतात. ते चाक अडतं, उजवं चालत राहतं, रथ डाव्या चाकाभोवती फिरतो. दोन चाकांत ६ फुटांचं अंतर धरलं तर काटकोनात वळायला बाहेरच्या चाकाला साधारण साडेनऊ फूट जावं लागतं. हे अंतर एका ओढीत कधी काढायचं नाही. एक फूट ओढ म्हणजे साडेनऊ अंशांचं वळण. म्हणजे चौकात नऊ-दहा वेळा ओढ, थांबा, मोगरी काढा, पुन्हा लावा. मागची चाकं या सगळ्या वेळात आडवी घासत येतात, म्हणून वळणावर मागच्या चाकांच्या धावा जास्त झिजतात. थांबायचं असेल तर दोन्ही पुढच्या चाकांना एकदम मोगरी लागली पाहिजे. एका बाजूची अर्ध्या क्षणाने मागे राहिली तरी रथाचं तोंड फिरतं आणि कोपऱ्यावरचा ओटा जातो.

मोगरीचा उतार लांबट हवा. आखूड आणि उभी असेल तर चाक तिच्यावर आदळतं. खाली इंचाचा धक्का असला तरी वर कळसापाशी त्याच्या कितीतरी पट झोका बसतो. उतार फारच निमुळता असेल तर उलटं होतं: चाक सरळ चढून पलीकडे उतरतं आणि रथ थांबतच नाही. लाकूड चिवट लागतं. धारेच्या बाजूला लाकडाची शीर, म्हणजे रेषा, उभी आली तर पहिल्याच वजनाला मोगरी चिरते, म्हणून प्रत्येक चाकामागे जादा मोगऱ्या घेऊन माणसं चालतात. मोगरीला दांडा असतो तो हात चाकापासून लांब राहावा म्हणून. दांडा सोडून हाताने सारणाऱ्याला जुने लोक तिथल्या तिथे बाजूला काढतात.

उतारावर पुढची मोगरी पुरत नाही. मागे दोर लावून तितकेच लोक उलटे ओढत ठेवावे लागतात. या मागच्या दोरावर उभं राहायला कुणी उत्साही नसतो, सगळ्यांना पुढचा हवा असतो. अपघातांचं एक मूळ इथेच.

चाकांची काळजी महिनाभर आधी सुरू होते. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं. भाद्रपद सरला की ऊन तापतं, लाकूड आकसतं, आणि तुंबा (चाकाचा मधला गाभा), आरे, पाटे (कडेचे बाकदार तुकडे) यांच्यातल्या सांध्यांबरोबर लोखंडी धावही सैल होते. ठोकून पाहावं: घट्ट धाव टणकन वाजते, सैल धाव भदभदते. थोडी सैल असेल तर ओल्या गोणपाटात चाक गुंडाळून चार-पाच दिवस पाणी मारत राहायचं, लाकूड पुन्हा धरतं. जास्त सैल असेल तर धाव उतरवून, थोडी कापून, जोडून, शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात लाल करायची, चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. थंड होताना ती आवळते. हे काम करणारे हात बैलगाडीच्या लाकडी चाकांबरोबर कमी झाले. टायरची गाडी आली आणि रथाचं चाक एकटं पडलं.

पुढचा बदल रस्त्याचा. मातीच्या रस्त्यात मोगरी रुतून बसायची. डांबरावरही ती धरते, मात्र दुपारच्या उन्हात डांबर मऊ पडलं की धाव त्यात शिरते आणि ओढ दुप्पट लागते. सिमेंटच्या रस्त्यावर मोगरी सरळ घसरते, चाकासकट. उपाय म्हणून मोगरीखाली गोणपाट टाकतात किंवा पुढे एक माणूस वाळू टाकत चालतो. रात्री पाणी मारलेला किंवा फुलं-केळीची सालं पडलेला सिमेंट रस्ता सगळ्यांत वाईट.

त्यात भुयारी गटारांची भर. चरी बुजवल्या तरी एक पावसाळा गेल्याशिवाय माती बसत नाही, आणि रथाचं सगळं वजन चार अरुंद धावांवर असतं. मार्गावरच्या प्रत्येक चेंबरच्या झाकणावर लोखंडी पत्रा किंवा फळ्या टाकाव्या लागतात. त्यासाठी आदल्या दिवशी मार्ग पायी मोजून खुणा करतात. गाडीतून पाहणी करणाऱ्यांना ही झाकणं दिसत नाहीत.

तारांचं भांडणही या रस्त्यांनीच वाढवलं. वीज आली तेव्हा तारेखालून रथ जाईल एवढी उंची सोडून खांब उभे केले गेले. नंतर रस्त्यावर थरावर थर चढले. दोन इंचांचे दहा थर झाले की रस्ता वीस इंच वर येतो, तार तिथेच राहते. दोष मात्र रथाच्या उंचीला दिला जातो आणि कळस कापा, मजला कमी करा अशा सूचना येतात. कळस काढता-घालता येईल असा करणं, मार्गावरचा पुरवठा टप्प्याटप्प्याने बंद करणं, एवढं पुरेसं आहे. विजेच्या तारा तरी कुणाच्या मालकीच्या असतात, त्यांना विचारता येतं. केबल आणि इंटरनेटच्या लोंबत्या वायरी कुणाच्याच नसतात. त्यांच्यासाठी बांबूला खोबणी करून दोन माणसं रथावरच बसवावी लागतात.

२०२० साली मिरवणुका बंद होत्या, रथ जागेवर राहिले. पुढच्या वेळी ते बाहेर काढताना एका जागी उभं राहण्याची किंमत कळते: चाकाच्या एकाच भागावर वर्ष-दोन वर्षं वजन राहिलं की तिथला पाटा दबतो आणि चाक गोल राहत नाही, प्रत्येक फेऱ्याला एक उडी मारतं. म्हणून रथघरात परतलेला रथ जॅक लावून उचलतात, आसाखाली लाकडी ठोकळे देतात, चाकं जमिनीपासून दोन बोटं वर ठेवतात आणि दर महिन्याला पाव फेरा फिरवतात. दोर वाळवून, गुंडाळून, उंदरांपासून दूर टांगायचे. मोगऱ्या मोजून घ्यायच्या. एक-दोन नेहमी कमी भरतात, कुणीतरी घरी नेलेल्या असतात, देव्हाऱ्यापाशी ठेवायला.