नकाशावर मुंबई, वाचक सावद्याचा

केळीचे भाव देणारी साइट जळगावातून चालवायची आणि लाइव्ह ॲनालिटिक्सच्या (आत्ता साइट कोण, कुठून वाचतंय ते दाखवणाऱ्या साधनाच्या) नकाशावर ठिपके दिसणार मुंबई-पुण्यात. त्यावरून 'खान्देशात कोण वाचतंय?' असं म्हणायची रीतच पडली आहे. ती चुकीची आहे.

नकाशाला माणूस कुठे आहे हे कळत नाही. तो आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून, अंदाज बांधतो. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना मोजक्या सार्वजनिक आयपींमागे बसवतात. ते पत्ते बऱ्याचदा कंपनीचं नेटवर्क जिथे बाहेरच्या इंटरनेटला जोडलेलं असतं, त्या मोठ्या शहराच्या नावावर दिसतात. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या मळ्यात घड कापणी चालू असताना भाव बघणारा शेतकरी असा थेट मुंबईत उगवतो. राज्याचं ठीक, पण शहराच्या रकान्यावर जाहिरातीचे दर ठरवणं म्हणजे कमालच!

'आत्ता ४० जण' हा लाइव्ह आकडाही जपूनच वाचा. टॅब बंद झाल्याची खबर खात्रीने येत नाही, म्हणून गूगल ॲनालिटिक्स ४ चा रिअलटाइम अहवाल गेल्या ३० मिनिटांतले वाचक दाखवतो. चहाला उठून गेलेलाही त्यात असतो.

गाव कळायला हवं असेल तर पानावरच बाजार निवडू द्या: रावेर, यावल, चोपडा. ती निवड ॲनालिटिक्समध्ये इव्हेंट म्हणून, म्हणजे वाचकाची एक कृती म्हणून, नोंदवा.